सोनारीला विमानानं की गाडीनं?

परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. नाथ ज्यांचं कुलदैवत आहे, अशी घरं आता पुण्या-मुंबईपासून हैदराबाद, बंगळूर, दिल्लीपर्यंत पांगली आहेत. घरात लग्न झालं की नवी जोडी नाथाच्या पाया पडायला येते, बाळाचं जावळ काढायचं राहिलं असलं की आजी आठवण करून देते, आणि चैत्रात यात्रा आली की गावाकडून फोन सुरू होतात. जायचं की नाही, हा प्रश्नच नसतो. कसं जायचं, यावर मात्र आता घराघरांत चर्चा झडते.

पूर्वी ही चर्चा नव्हती. आगगाडीनं कुर्डुवाडी गाठायची आणि पुढे मिळेल ते वाहन धरायचं. कुर्डुवाडी ते बार्शी ही बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि या भागातल्या कित्येक पिढ्यांनी तिच्यातूनच बाहेरचं जग पाहिलं. मग एसटी आली, जीप आली, दारात स्वतःची गाडी आली. आता सोलापुरात विमान उतरतंय. साधनं वाढली, तशी निवड करण्याची डोकेदुखीही वाढली.

सोलापूरचं विमान आणि चिमणी

सोनारीला सगळ्यात सोयीचा विमानतळ म्हणजे सोलापूरचा, होटगी रस्त्यावरचा. तिथं धावपट्टी होती, किंगफिशरच्या दिवसांत मुंबईचं विमानही काही काळ येऊन गेलं होतं. पण सेवा टिकली नाही. पुढे केंद्र सरकारची ‘उडान’ योजना आली. तिच्यातलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला उडालं. छोट्या शहरांना जोडायचं, तासाभराच्या प्रवासाच्या ठरावीक जागांचं भाडं २,५०० रुपयांच्या आसपास ठेवायचं, तोटा सरकारनं सोसायचा, असा तिचा हिशेब. सोलापूरचं नाव यादीत होतं, पण विमानाच्या वाटेत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे नव्वद मीटर उंच चिमणी होती. विमानतळ महत्त्वाचा की कारखाना, यावर वर्षानुवर्षं मोर्चे, उपोषणं आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडली गेली.

त्यानंतरही दोन वर्षं गेली. ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ कंपनीचं गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टार एअरनं मुंबईची सेवा सुरू केली. स्टार एअर ही कोल्हापूरकडच्या घोडावत उद्योगसमूहाची कंपनी. मुंबईच्या विमानात प्रवासी कमी पडले तर तोटा भरून देण्याची तयारी राज्य सरकारनं दाखवली, म्हणून ही सेवा उभी राहिली. अशा आधारावर चालणाऱ्या फेऱ्यांचं वेळापत्रक बदलतं. म्हणून यात्रेची तारीख ठरल्यावर विमान शोधण्यापेक्षा, विमान कोणत्या वारी आहे ते पाहून जाण्याचा दिवस ठरवलेला बरा.

उंबऱ्यापासून पायरीपर्यंत

तिकिटावर लिहिलेली वेळ फसवी असते. ‘मुंबई–सोलापूर एक तास’ हे खरं. पण तो एक तास विमानाचा, आपला नव्हे. आपला प्रवास घराच्या उंबऱ्यापाशी सुरू होतो आणि देवळाच्या पायरीशी संपतो. मुंबईच्या उपनगरातून विमानतळ गाठायला तास-दीड तास, उड्डाणाआधी दीड-दोन तास हजेरी, एक तास विमान, सामान हातात पडायला अर्धा तास, आणि मग सोलापूरहून सोनारीचा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, म्हणजे अडीच तास. बेरीज साडेसहा ते साडेसात तासांची होते. गाडीनं द्रुतगती मार्ग, पुणे, इंदापूर, टेंभुर्णी असं आलं तरी साडेसात-आठ तासच लागतात. वर गाडी शेवटपर्यंत आपल्याच ताब्यात राहते.

मुंबईकरांसाठी तिसरी वाटही आहे. १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई–सोलापूर वंदे भारत कुर्डुवाडीला थांबते. दुपारी मुंबईहून निघून रात्री कुर्डुवाडीत उतरता येतं. मात्र रात्रीच्या मुक्कामाची आणि पुढच्या वाहनाची सोय आधी लावायला हवी.

पुणेकरांनी विमानाचा विचारही करू नये. सोनारी त्यांना दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. हैदराबादकरांना सोलापूरपर्यंत सरळ महामार्ग आहे. एकूण चारशे किलोमीटरचा टप्पा पहाटे निघून दुपारच्या जेवणापर्यंत संपतो, म्हणजे तिथंही गाडीच बरी. दिल्लीकरांचं उलट. हजार-बाराशे किलोमीटरच्या पुढं दोन दिवस गाडी हाकून देवदर्शनाला येणं म्हणजे दर्शनाआधीच दमून जाणं. त्यांनी विमानानं पुणं गाठावं आणि तिथून गाडी करावी.

खरी ओढाताण बंगळूरकरांची. चित्रदुर्ग, होस्पेट, विजयपूर, सोलापूर असं सातशेच्या वर किलोमीटरचं अंतर, चाकावर बारा-तेरा तास. हे अंतर गाडीला जास्त आणि विमानाला कमी. इथं निर्णय घड्याळावर होत नाही, माणसं मोजून होतो.

चौघांचा हिशेब

समजा, सातशेवीस किलोमीटरचा प्रवास आहे आणि गाडी लिटरला सोळा किलोमीटर देते. पंचेचाळीस लिटर पेट्रोल लागलं. लिटरला १०४ रुपये धरले, तर सुमारे ४,७०० रुपये. टोलचे हजारभर मिळवा. जाऊन-येऊन साडेअकरा हजार झाले. वाटेत एका रात्रीचा मुक्काम धरला, तरी पंधरा हजारांच्या आत भागतं. गाडीत एक बसला काय किंवा पाच बसले काय, हा आकडा फारसा हलत नाही.

विमानाचं तसं नाही. तिकीट पाच हजारांचं धरलं, तर चौघांचे जाऊन-येऊन चाळीस हजार, आणि उतरल्यावर टॅक्सी वेगळी. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेता येतं, त्याचं नाममात्र शुल्क असतं. पण दोन वर्षं पूर्ण झाली की जवळजवळ पूर्ण तिकीट. दुसरा वाढदिवस जवळ आलेल्या बाळाचं जावळ काढायचं असेल, तर ही तारीख लक्षात ठेवावी. उलट, दोघंच नवरा-बायको असतील आणि दोघांचीही रजा मोजकी असेल, तर वाचलेल्या दोन दिवसांची किंमत तिकिटातल्या फरकापेक्षा जास्त ठरते.

गाडीवाल्यांसाठी एक नवी सोय झाली आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो; सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती. वर्षभर किंवा दोनशे टोल, जे आधी संपेल ते. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग त्यात येत नाहीत. वर्षातून गावाकडे दोन-तीन खेपा होणाऱ्या घराला तो परवडतो.

विमान कोणतं आहे, हे बघावं का?

बघावं, पण बसण्याच्या सोयीसाठी. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बहुधा तिथंच लिहिलेला असतो.

सोलापूर–गोवा मार्गावर फ्लाय ९१ चं एटीआर ७२ आहे. पंखे फिरताना दिसतात म्हणून ‘हे जुनाट विमान’ असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. त्या पंख्यांमागेही टर्बाइन इंजिनच असतं. कमी अंतराला ते इंधन कमी पितं आणि सुमारे तेराशे मीटरच्या धावपट्टीवरूनही उडू शकतं, म्हणून छोट्या शहरांना ते मानवतं. ताशी पाचशे किलोमीटर हा त्याचा वेग. जेट आठशेच्या वर जातं. पण चारशे किलोमीटरच्या अंतरात हा फरक वीस मिनिटांचा होतो, आणि तेवढा वेळ सामानाच्या पट्ट्यापाशीही जातो. एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. उसाचे पट्टे मुलांना दाखवायचे असतील, तर याच्यासारखं विमान नाही. आवाज पंख्यांच्या रेषेतल्या आसनांवर जास्त येतो, मागं कमी. चढण्या-उतरण्याचं दारही मागंच असतं, म्हणून गुडघेदुखीच्या माणसाला मागच्या रांगेत जागा घ्यावी.

स्टार एअरकडे एम्ब्रेअर १७५ हे ब्राझीलच्या बनावटीचं छोटं जेट आहे. त्यात दोन-दोनच्या रांगा असतात, मधली जागाच नाही. मोठ्या शहरांमधल्या विमानांत, म्हणजे एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ मध्ये, तीन-तीनच्या रांगा असतात आणि मधे बसलेल्याची दोन्हीकडून कोंडी होते. या दोघांत एअरबस आतून सुमारे सोळा सेंटिमीटर जास्त रुंद आहे, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला बोटभर जास्त जागा येते. पाचशे किलोमीटरच्या प्रवासात हे जाणवणार नाही; दिल्लीहून पुण्याला येताना अंगानं भरलेल्या माणसाला जाणवेल.

भीती कशाची धरायची?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचं बोइंग ७८७ उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, जमिनीवरचीही माणसं दगावली. त्याआधी ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांनी ते विमान जगभर जमिनीवर बसवलं होतं. नियंत्रणप्रणालीतली चूक दुरुस्त झाल्यावरच ते परत उडालं. साहजिकच आता घरातली थोरली माणसं विचारतात, ‘विमान कुठल्या कंपनीचं आहे?’

प्रश्न चुकीचा नाही, पण भीती चुकीच्या जागी बसली आहे. २०२४ मध्ये जगभरात प्रवासी विमानांची चार कोटींहून अधिक उड्डाणं झाली आणि त्यांत २४४ माणसं दगावली. भारतातल्या रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. सगळ्या जगातल्या विमानांनी वर्षभरात नेले नाहीत, तेवढे जीव आपल्या रस्त्यांनी एका दिवसात नेले. सोनारीच्या प्रवासात जपायचं असेल, तर ते विमानातल्या तासाला नव्हे, पुढच्या अडीच तासांच्या रस्त्याला.

हा रस्ता दिवाळीनंतर जास्त अवघड होतो. गाळप हंगाम सुरू झाला की सोलापूर–धाराशिव पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर रस्त्याच्या अंगाला बाहेर आलेली मोळ्यांची टोकं, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्याच्या उजेडानं डोळे दिपले की ट्रॉली दिसते ती दहा पावलांवर. रात्री नऊला सोलापुरात पोचून ‘आता निघू, झोपायला गावात’ म्हणणाऱ्यानं एवढं आठवावं आणि रात्र सोलापुरातच काढावी. बंगळूरहून सलग गाडी हाकत आलेल्याचे शेवटचे शंभर किलोमीटर नेमके याच अंधारात येतात, तेव्हा त्यानंही विजयपुरात थांबावं.

पिशवीत काय?

भैरवनाथाच्या यात्रेत गुलाल-खोबरं आलंच. पण विमानाच्या नियमांत सुकं खोबरं धोकादायक मालात मोडतं. त्यातल्या तेलामुळे ते साठ्यात आपोआप तापू शकतं, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ हा स्वतंत्र क्रमांकच आहे. अख्खा नारळही एरवी हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत; शबरीमलैच्या यात्रेकरूंना २०२४ च्या हंगामात केंद्रानं त्यासाठी खास सवलत दिली होती. काडेपेटी चालत नाही. लोणचं-तूप हातातल्या पिशवीत असेल, तर अडवलं जाऊ शकतं. देशांतर्गत प्रवासात बहुधा पंधरा किलो सामान विमानाच्या पोटात आणि सात किलो हातात, एवढीच मुभा असते. तेव्हा नैवेद्याचं आणि ओटीचं साहित्य बार्शीत किंवा परंड्यात विकत घ्यावं. परतीला गावाकडची ज्वारी, डाळ, शेंगा बांधून मिळणार असतील, तर मात्र गाडीला तोड नाही.

गाडीवाल्यांना सोनारीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे माकडं. गावात त्यांची वस्ती जुनी आहे आणि भाविक त्यांना नाथाची मानतात. काच खाली ठेवून प्रसादाची पिशवी मागच्या सीटवर सोडली, तर ती परत मिळण्याची आशा धरू नये.

एकाच साधनाचा हट्ट कशाला?

घरातली चर्चा ‘विमान की गाडी’ यावर अडते, कारण सगळ्यांनी एकत्रच जायचं असं आपण धरून चालतो. तसं काही नाही. बंगळूरच्या घरातल्या आजी-आजोबांना आणि बाळाला घेऊन एकानं विमानानं यावं. विमानतळावर चाकाची खुर्ची मागितली की फुकट मिळते. फक्त तिकीट काढतानाच तशी नोंद करायची. दोघा तरण्या माणसांनी आदल्या दिवशी गाडी काढावी, वाटेत मुक्काम करावा आणि विमानाच्या वेळेला सोलापूरच्या विमानतळावर म्हाताऱ्यांना घ्यायला हजर राहावं. थेट विमान त्या दिवशी नसेल, तर हाच मेळ पुण्यात घालावा. तिकिटं तीन-चारच लागतात, टॅक्सीचा खर्च वाचतो, सामान गाडीत मावतं आणि शेवटचा रस्ता दिवसाउजेडी, विश्रांती घेतलेल्या चालकाच्या हातानं पार पडतो. विमान कोणत्या बनावटीचं आहे यापेक्षा सोलापूरहून पुढं गाडी कोण चालवणार आणि किती वाजता चालवणार, हे आधी ठरलेलं असावं.