गोठत्या सकाळी रबर काय करतं?

पुण्याहून स्टुटगार्टला किंवा म्युनिकला शिकायला, नोकरीला गेलेली मुलं वर्ष-दोन वर्षांत एखादी जुनी छोटी गाडी घेतात. पोलो, कोर्सा, फाबिया असं काहीतरी. आणि ऑक्टोबर उजाडला की ऑफिसातले जर्मन सहकारी विचारायला लागतात, टायर बदललेस का? चांगले धडधाकट चार टायर केवळ ऋतू बदलला म्हणून काढून ठेवायचे, हे आपल्याकडे वाढलेल्या माणसाच्या पचनी पडत नाही. बर्फाचा तर अजून पत्ताही नसतो. पण तिकडचा ठोकताळाच आहे, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर. खेड्यातल्या गॅरेजमध्येसुद्धा त्या दिवसांत आधी वेळ घ्यावी लागते, आणि काढलेले टायर पुढच्या वसंतापर्यंत भाड्याने सांभाळणारी 'टायर हॉटेलं' असतात.

हा सगळा खटाटोप बर्फासाठी आहे असं वाटतं. खरं तर त्याची सुरुवात रबरापासून होते.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधता येतात हे शोधलं, आणि उन्हाळ्यात चिकट, थंडीत ठिसूळ होणारा पदार्थ कामाचा झाला. बांधलेल्या साखळ्यांचे मधले तुकडे मात्र सतत हलत असतात. ताणलेलं रबर मूळ जागी येतं ते त्या हालचालीमुळे. तापमान उतरलं की ती मंदावते, आणि एका मर्यादेखाली रबर काचेसारखं कडक होतं. नैसर्गिक रबराची ही मर्यादा उणे ७० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. टायरमधल्या काही कृत्रिम रबरांची त्यापेक्षा बरीच वर असते. पण ताठरपणा यायला तिथपर्यंत पोचावं लागत नाही.

हे जगाने एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. २८ जानेवारी १९८६ ला, गोठवणाऱ्या रात्रीनंतर उडालेलं 'चॅलेंजर' यान सात अंतराळवीरांसह नष्ट झालं. ११ फेब्रुवारीला चौकशी आयोगापुढे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी यानाच्या रॉकेटमधल्या रबरी कड्याचा तुकडा छोट्या शिकंज्यात दाबला आणि समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. शिकंजा सोडल्यावर रबर दबलेलंच राहिलं, लगेच उसळून वर आलं नाही. अपघाताचं मूळ त्या सावकाशपणात होतं.

टायरच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे, आणि मला तो या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. डांबरी रस्ता म्हणजे खडीची टोकं आणि त्या टोकांवरचा आणखी बारीक खरखरीतपणा. ब्रेक मारला की रबर या उंचसखल कणांवरून किंचित घसरतं, त्यांच्यात शिरतं, बाहेर येतं, सेकंदाला हजारो ते लाखो वेळा. प्रत्येक वेळी दबून उठताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. गाडी थांबते ती मुख्यतः या नुकसानीमुळे, शिवाय रबराचे रेणू रस्त्याला क्षणभर चिकटतात त्यामुळे. आता साखळ्यांना हलायला वेळच मिळाला नाही, तर त्यांच्या दृष्टीने ते थंडी पडल्यासारखंच असतं. जलद दाब आणि कमी तापमान यांचा रबरावरचा परिणाम सारखा होतो. त्यामुळे दोन-तीन अंशांत बोटाने दाबून मऊ लागणारा टायर रस्त्याच्या दृष्टीने कधीच ताठ झालेला असू शकतो.

उलट चाक फिरताना टायर दबतो तो मोठ्या, संथ लयीत. छोट्या गाडीचं चाक ताशी ७० किलोमीटरला सेकंदात साधारण दहा वेळा फिरतं. इथे ऊर्जा वाया गेली तर पेट्रोल जळतं. म्हणजे एकाच रबराने जलद दाबात भरपूर ऊर्जा खावी आणि संथ दाबात अजिबात खाऊ नये, अशी अपेक्षा. प्रयोगशाळेत याच तत्त्वावर शून्य अंशाला मोजलेल्या नुकसानीवरून ओल्या रस्त्यावरची पकड जोखतात, ६० अंशांच्या मोजमापावरून इंधनाचा खर्च. रबरात मिसळल्या जाणाऱ्या काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका घालून हा पेच बराचसा सुटला. मिशेलिनने असे टायर १९९२ मध्ये बाजारात आणले, आणि आजचे चांगले हिवाळी टायरही सिलिकावरच उभे आहेत.

वेगासाठी बनवलेल्या उन्हाळी, म्हणजे परफॉर्मन्स टायरचं रबर गरम रस्त्यासाठी जुळवलेलं असतं. नक्षीचे ठोकळे मोठे आणि भक्कम, म्हणजे वेगात वळण घेताना ते वाकत नाहीत. जुलैत हा टायर अप्रतिम. शून्याखाली मात्र तो वापरू नका, असं बनवणाऱ्या कंपन्याच बजावतात. अतिथंडीत नुसत्या ठेवलेल्या काही टायरांनाही तडे जातात. हिवाळी टायर जवळून पाहिला तर प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी, सुरीने चिरल्यासारख्या असंख्य चिरा दिसतात. ब्रेक लागला की ठोकळा झुकतो, चिरांच्या कडा उघडतात आणि बर्फात रुततात. घट्ट बर्फावर त्या पाण्याचा पातळ थर शोषतात. रुंद खाचांत भुसभुशीत बर्फ दाबून भरला जातो, आणि तो फायद्याचाच, कारण बर्फाला बर्फ चांगला धरतो. मात्र हाच टायर तापलेल्या रस्त्यावर लिबलिबीत होतो, भराभर झिजतो आणि गाडी उशिरा थांबवतो.

'सात अंशांखाली हिवाळी टायर' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो आठवायला सोपा आहे, पण सात ही काही लक्ष्मणरेषा नाही. कोरड्या रस्त्यावर पाच अंशांतही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरआधी गाडी थांबवू शकतो. पारडं फिरतं ते ओल, दहिवर आणि बर्फ आल्यावर. पहाटे सहाला शहर कोरडं असतं आणि नदीवरचा पूल गोठलेला असतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. तोवर गाडी निघालेली असते.

छोट्या गाडीला इथे एक फायदा आहे, तिला अरुंद टायर चालतात. माणसांसकट १२०० किलोची गाडी धरली तर एका चाकावर ३०० किलो. हवा ३३ पीएसआय असेल तर जमिनीला टेकणारा भाग साधारण १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा. टायर रुंद घेतल्याने हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. ते वजन आणि हवेवर ठरतं, बदलतो तो फक्त आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, तो बर्फाचा चिखल आणि पाणी कापत जातो. म्हणून कंपनीने मान्य केलेल्या मापांतलं अरुंद माप हिवाळ्यासाठी घ्यावं. ते स्वस्तही पडतं. देखणेपणासाठी छोट्या गाडीला रुंद, बुटके टायर घालण्याची हौस मला निदान थंड देशात तरी धोक्याची वाटते.

धोका किती, हे साध्या गणिताने कळतं. ताशी ५० किलोमीटरला ब्रेक मारला. दाबल्या गेलेल्या बर्फावर हिवाळी टायरचा घर्षणांक ०.३ आणि उन्हाळी टायरचा ०.१५ असे ढोबळ आकडे घेतले, तर पहिली गाडी सुमारे ३३ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ६५ लागतात. पहिली जिथे उभी राहिली, तिथून दुसरी ताशी ३५ च्या वेगाने पुढे जात असते. चारचाकी ड्राइव्ह असली तरी यात फरक पडत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीचे चारही चाकांवरच असतात. खर्च वाचवायला पुढच्या दोनच चाकांना हिवाळी टायर घातले तर वळणावर मागची बाजू आधी सुटते आणि गाडी गरकन फिरते.

मग बारा महिने चालणारे ऑल-सीझन टायर? अमेरिकेत गुडइयरचा 'टिएम्पो' १९७७ मध्ये आला तेव्हापासून ही कल्पना रुळली. पण तिकडचे बरेच ऑल-सीझन टायर खऱ्या बर्फात लंगडे पडतात. युरोपात २०१५ च्या मिशेलिन 'क्रॉसक्लायमेट'नंतर चित्र बदललं. हे टायर बर्फाची परीक्षा देतात आणि उन्हातही तग धरतात. कोलोन-ड्युसेलडॉर्फच्या सौम्य हवेत, शहरातल्या शहरात थोडीच फिरणारी छोटी गाडी असेल तर मी बिनदिक्कत हेच घ्या म्हणेन. आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्याने, ब्लॅक फॉरेस्टमधून पहाटे कामावर जाणाऱ्याने आणि स्कीइंगला निघणाऱ्याने दोन संच ठेवावेत. दोन संचांत प्रत्येक टायर निम्मंच वर्ष चालतो, त्यामुळे टायरांवरचा खर्च दुप्पट होत नाही. बोजा पडतो तो जादा रिम, बदलणावळ आणि साठवणीचा. परफॉर्मन्स टायर फक्त उन्हाळी संच म्हणून घ्यावेत, आणि तेही छोट्या गाडीला खरंच हवे असतील तरच.

थंडीत हवाही उतरते. २५ अंशांत ३३ पीएसआय भरलेली हवा उणे पाचला २८ वर येते, पंक्चर नसताना. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण हिवाळी टायर ४ मिलिमीटरच्या खाली गेला की बर्फातला त्याचा बराचसा उपयोग संपतो.

जर्मनीत हिवाळी टायरची तारीख कायद्यात नाही. रस्त्यावर बर्फ, दहिवर किंवा बर्फाचा चिखल असेल तर ते हवेत, नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्याच्या नोंदीत दंडाचा एक गुण. जुनी गाडी घेताना टायरच्या बाजूवर दोन गोष्टी शोधाव्यात. 'डीओटी' या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ ३८१९ म्हणजे २०१९ चा ३८ वा आठवडा. आणि तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण. विकणारा 'एम प्लस एस' ही अक्षरं दाखवून हिवाळी टायर म्हणून सांगेल. ती अक्षरं उमटवायला बर्फातली परीक्षा द्यावी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगराची खूण नसलेला टायर जर्मन कायदा हिवाळी मानत नाही.