बावीचं पाणी निवळशंख, पण पिण्याजोगं आहे का?

पाऊस तोंडावर आलाय. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे आला की कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. याचं कारण आपल्या घराच्या भिंतीतच दिसतं. जांभ्याचा चिरा बघा, नुसती भोकं. पाणी त्यातून सरसर खाली उतरतं आणि झऱ्या-वहाळांतून खाडीला जाऊन मिळतं.

पाणी जातं त्याच भोकांतून घाणही जाते. हे बैठकीत सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "ताई, आमच्या बावीचं पाणी निवळशंख आहे, आजेसासऱ्यांपासून पितोय." पण आजेसासऱ्यांच्या वेळी बावीच्या वरच्या अंगाला शौचालयाचे खड्डे नव्हते. आता घरोघरी शौचालय आहे, ते हवंच. फक्त खड्डा कुठे खणला ते बघायला हवं. मातीत पाणी गाळलं जातं, भेगांच्या कातळात तसं गाळलं जात नाही. बाव आणि शोषखड्डा यांत निदान १० मीटर, म्हणजे ३३ फूट अंतर ठेवायला सांगतात. आपल्या कातळात त्याहून जास्तच बरं, आणि खड्डा बावीच्या खालच्या अंगाला.

१८५४ साली लंडनमध्ये एका पंपाच्या पाण्यामुळे कॉलरा होऊन ५०० च्या वर माणसं गेली. लोक ते पाणी आवडीनं पीत. पंपाच्या विहिरीला लागूनच एका घराचा मैल्याचा खड्डा पाझरत होता, हे नंतर उकरल्यावर कळलं.

मग जुन्या खड्ड्यांचं काय करायचं? ते लगेच हलत नाहीत. तोवर आपल्या हातात आहे ती टीसीएल पावडर. ती बहुतेक ठिकाणी अंदाजाने, मूठभर टाकली जाते, आणि हे मला पटत नाही. हिशोब सोपा आहे. बावीची रुंदी फुटांत मोजा, तिला तिनेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी २२ ने गुणा. १० फूट रुंद बावीत ६ फूट पाणी असेल तर १३,२०० लिटर झालं. १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण ६६ ग्रॅम पावडर. दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती बावीत सोडा आणि बादली वरखाली करून पाणी ढवळा. त्यानंतर निदान तासभर कुणी पाणी भरू नये, म्हणून हे काम रात्री केलेलं सोयीचं. पावडरची पिशवी उघडी राहिली, दमट झाली, की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. मग कितीही टाका.

पावडर लागू पडली का, ते ओटी चाचणीत कळतं. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. नळयोजना असेल तर ही चाचणी टाकीजवळच्या घरी करून भागत नाही, शेवटच्या घरच्या नळाला करा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात ५ महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि संच द्यायचा आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, आणि संच कुणाच्या कपाटात आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारा. जलसुरक्षकालाही तिथेच बोलवा आणि पावडर कधी आणली, कुठे ठेवली, ते दाखवायला सांगा.