कोठार मागे, काउंटर पुढे

तालुक्याच्या गावातलं एखादं सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळची देवघेव सुरू आहे, टेबलापाशी चार सभासद ताटकळलेत. नव्यानेच संगणकावर बसलेल्या मदतनीस ताईंसमोर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाइल उघडी आहे आणि डाव्या बाजूला तक्त्यांच्या नावांची लांबलचक रांग. माहिती सगळी आहे, पण 'हे पुस्तक कुणाला दिलं' हे नोंदवायचं कुठे? ताई चुकून सभासदांचा तक्ता उघडतात, भलत्याच ओळीत काहीतरी टाइप करतात आणि पुढच्या ओळीवर जातात. जुना पत्ता गेला. वर्ड-एक्सेलमध्ये 'सेव्ह न करता बंद कर' ही पळवाट असते. ॲक्सेस मात्र ओळ सोडताक्षणी बदल जतन करतं, विचारतसुद्धा नाही.

यात चूक ताईंची नाही. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला कोठारात पाठवत नाही. काउंटरवर उभं करतो. डेटाबेसची फाइल हे कोठार. ॲप करायचं म्हणजे त्यापुढे काउंटर बांधायचं.

आधी कोठार लावून घ्यावं लागतं. पुस्तकं, सभासद आणि देवघेव असे तीन वेगळे तक्ते. देवघेवीत पुस्तकाचं नाव पुन्हा लिहायचं नाही. फक्त दाखल क्रमांक आणि सभासद क्रमांक. एक गोष्ट एकाच जागी, बाकी ठिकाणी तिचा क्रमांक. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत तक्ते असेच एकमेकांशी जोडले जातात.

मग काउंटर, म्हणजे फॉर्म. तो तक्त्यावरून नव्हे, कामावरून आखायचा. दाखल क्रमांक टाकला की पुस्तकाचं नाव दिसावं, सभासद यादीतून निवडता यावा, आजची तारीख आपोआप यावी आणि परतीची तारीख तिच्यावरून निघावी. दोनच मोठी बटणं: 'दिलं' आणि 'परत आलं'. हातात पुस्तकं असलेला सभासद कुणी खोडू पाहील, तर तक्त्यांच्या नात्याला घातलेला नियमच त्याला अडवेल. पण त्या वेळी पडद्यावर इंग्रजी इशारा उमटू नये. 'या सभासदाकडे दोन पुस्तकं आहेत, आधी ती जमा करा' असं साध्या मराठीत यावं. नवशिक्याला अडवताना पुढचा रस्ताही सांगायला हवा.

आता दारं लावायची. ॲक्सेसच्या पर्यायांत फाइल उघडताच कोणता फॉर्म यावा ते ठरवता येतं, डावीकडची रांगही लपवता येते. मात्र हे कुलूप नव्हे, पडदा आहे. शिफ्ट दाबून फाइल उघडली की तो बाजूला सरतो. फॉर्मची रचनाच कुणी बदलू नये असं वाटत असेल, तर 'एसीसीडीई' प्रकारची प्रत करून द्यावी आणि मूळ फाइल आपल्यापाशी जपावी.

सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक. शनिवारी फाइल पेनड्राइव्हवर घरी नेली, फॉर्म सुधारला, सोमवारी जुन्या फाइलवर नवी चढवली आणि मधल्या काळातल्या नोंदी पुसल्या गेल्या. म्हणून फाइलचे दोन भाग करावेत: तक्ते एका फाइलमध्ये, फॉर्म दुसरीत. मग काउंटर कितीही वेळा बदला, कोठाराला धक्का लागत नाही. काउंटरच्या संगणकावर पूर्ण ॲक्सेस विकत घ्यायचीही गरज नसते. नुसतं ॲप चालवायला मोफत मिळणारं 'रनटाइम' पुरतं. तक्त्यांच्या फाइलची रोज एक नक्कल करावी. खोडलेल्या नोंदींची जागा आपोआप सुटत नाही आणि फाइलची मर्यादा 2 जीबी आहे, म्हणून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' अधूनमधून चालवावं.

शेवटी परीक्षा. ताईंच्या मागे खुर्ची टाकून तासभर बसायचं, तोंड बंद ठेवून. हात कुठे अडखळतो ते टिपायचं. आठवड्याने पुन्हा जाऊन संगणकाच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या. 'आधी खालचं बटण, मग वरचं' अशी चिठ्ठी दिसली, तर ताईंना पुन्हा शिकवायला बसू नका. बटणांच्या जागा बदला आणि चिठ्ठी काढून घ्या.