मित्रांसोबत गेम बनवताय? कोडिंगच्या आधी हा कागद लिहा



"सर, आम्ही चार मित्र आहोत, मोबाइल गेम बनवायचाय, पण खिशात पैसे नाहीत." हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो. पैशाचं टेन्शन आधी डोक्यातून काढा. गोडो नावाचं गेम इंजिन फुकट आहे आणि कमाईतला एक रुपयाही त्यांना द्यावा लागत नाही. गुगल प्लेचं खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, स्टीमवर दर गेममागे १०० डॉलर. चौघांत वाटून घ्या.

टीम मोडते ती वेगळ्याच कारणांनी.

माझ्याकडे एक टीम आली होती. दोघं कोडिंगवाले, एक चित्रं काढणारा आणि चौथ्याचं म्हणणं, "आयडिया माझी." (असा एक प्रत्येक टीममध्ये असतोच!) आठ महिने राबले. मग चित्रवाल्याला नोकरी लागली, कशावरून तरी वाजलं आणि तो म्हणाला, "माझी चित्रं वापरायची नाहीत." गेम तिथंच थांबला. बाकीचे चिडले, पण कायद्यानं बाजू त्याचीच होती. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकर नसलेल्या माणसानं मोबदला न घेता काढलेलं चित्र त्याचंच असतं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. चहाच्या टपरीवरचा "हो रे, घ्या की" इथं चालत नाही.

आणि लिहितानाही एक गोम आहे. मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षं मिळतात. कुठं वापरायचे ते लिहिलं नाही तर फक्त भारतापुरते. तुमचा गेम तर जगभर डाउनलोड होणार! म्हणून "कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी" हे शब्द कागदावर हवेतच. संगीतालाही हेच लागू.

वाटणीचंही तसंच. भागीदारी असेल आणि हिस्से ठरलेले नसतील, तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा सारखा वाटतो. म्हणजे रात्री जागणाऱ्याला आणि आयडियावाल्याला तेवढेच. चालत असेल तर उत्तम, नसेल तर आजच बोला. पैसे आल्यावर हे बोलणं फार जड जातं.

सही करण्याआधी एकमेकांना पारखून घ्या. २००९ साली सुरू झालेल्या ग्लोबल गेम जॅमची मूळ कल्पनाच अशी की शनिवार-रविवार धरून ४८ तासांत छोटा गेम पूर्ण करायचा. तुम्ही घरच्या घरी करा. पब्जीसारखं काही नको. पडणारे आंबे टोपलीत झेलायचे, बस्स. चित्रांऐवजी चौकोनी ठोकळे चालतील. रविवारी संध्याकाळी गेम मोबाइलवर चालला पाहिजे. कोण शब्द पाळतं, कोण "झोप लागली रे" म्हणतं, दोन दिवसांत कळतं. आयडियावाल्याला हिशोब, चाचणी, प्रसिद्धी सांभाळायला द्या. जमलं तर तो सोन्यासारखा माणूस आहे.

मोठ्या गेमलाही हाच रविवारचा नियम ठेवा आणि अडलं तर शेवटचा शब्द कुणाचा, तेही कागदावर घ्या.

अजून एक. गुगल प्लेच्या नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. चुलतभाऊ, शेजारची पोरं, वहिनी, ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे त्यांची यादी आत्ताच करा. बारा नको, पंधरा-सोळा धरा. दोघं-तिघं मधेच गळणार.