लोकसभा: ऐकीव आणि खरी

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी टीव्हीच्या पडद्यावर एका कोपऱ्यात २७२ हा आकडा ठाण मांडून बसतो. पक्षानं तो ओलांडला की फटाके, नाही ओलांडला की फोडाफोडीच्या बातम्या. मग पाच वर्षं लोकसभा आपल्याला भेटते ती गदारोळाच्या वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांतून. तिथं कोणाला कशाचा अधिकार आहे, याबद्दल कट्ट्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र बिनधास्त ठोकून दिलं जातं. त्यातलं काही पडताळून पाहू.

सुरुवात त्या २७२ पासूनच. ५४३ सदस्यांच्या सभागृहात निम्म्याहून एक जास्त म्हणजे २७२, इथपर्यंत हिशेब बरोबर. पण ‘२७२ मतं नसतील तर सरकार हरलं’ हे चूक. घटनेच्या १०० व्या कलमाप्रमाणे सभागृहाचा साधा निर्णय होतो तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमतानं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूनं २६९ मतं पडली आणि विरोधात २७०. सरकार एका मतानं गेलं. उलट ५ डिसेंबर २०१२ ला किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवर मतदान झालं तेव्हा मनमोहन सिंग सरकारच्या बाजूनं फक्त २५३ मतं होती, तरी सरकार आरामात तरलं. सुषमा स्वराज यांच्या विरोधी ठरावाला २१८ च मिळाली, कारण समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्ष मतदानाआधीच उठून गेले होते. २६९ वाला हरला, २५३ वाला जिंकला! सभात्याग म्हणजे निव्वळ नाटक असं ज्यांना वाटतं त्यांनी हे गणित जरूर मांडून बघावं. बाहेर पडणारा प्रत्येक सदस्य बहुमताची रेघ थोडी खाली ओढत असतो, आणि ते त्याला चांगलं ठाऊक असतं.

गणसंख्या आहे एकदशांश, म्हणजे ५५. तेव्हा निव्वळ नियमानं पाहिलं तर ५५ जणांच्या सभागृहात २८ जण मिळून कायदा संमत करू शकतात. शिवाय बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानंच निघतात. अध्यक्ष विचारतात, सभागृहातून हो-नाहीचा गलका होतो, आणि ‘संमत’ असं जाहीर होतं. एखाद्या सदस्यानं मतविभागणी मागितली तरच कोणाचं मत कुठं पडलं याची नोंद होते. अमुक कायद्याला आपल्या खासदारानं पाठिंबा दिला की विरोध केला, हे म्हणूनच पुष्कळदा कागदावर सापडत नाही. २७२ चा खरा हट्ट असतो तो घटनादुरुस्तीला. तिथं एकूण सदस्यसंख्येचं बहुमत तर हवंच, वर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशही हवेत. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी झाली. ती झाल्याबरोबर एक-तृतीयांश महिला सभागृहात येतील असा समज पसरला होता. पण जनगणना आणि तिच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना या दोन पायऱ्या त्या दुरुस्तीतच लिहिलेल्या आहेत. त्यानंतरच्या, २०२४ च्या निवडणुकीत निवडून आल्या ७४ महिला. २०१९ मध्ये त्या ७८ होत्या.

‘आम्ही मत पंतप्रधानाला दिलं’

मतदान यंत्रावर पंतप्रधानांचं नाव असतं ते एखाद-दुसऱ्या मतदारसंघात, तेही ते लोकसभेला उभे असतील तर. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असतं ते लोकसभेला. पंतप्रधान लोकसभेचाच सदस्य असला पाहिजे असं घटना कुठंही म्हणत नाही. इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा राज्यसभेच्या सदस्य होत्या. मनमोहन सिंग दहाही वर्षं आसाममधून राज्यसभेवर होते. त्यातून एक गंमत झाली. २२ जुलै २००८ ला अणुकरारावरून त्यांनी लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला आणि तो २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला, पण त्या २७५ मध्ये खुद्द पंतप्रधानांचं मत नव्हतं. राज्यसभेतला मंत्री लोकसभेत येऊन बोलू शकतो, उत्तर देऊ शकतो. मत देऊ शकत नाही.

याला चिकटूनच दुसरा समज येतो, की सरकारं अविश्वास ठरावानं पडतात. अविश्वास ठराव घटनेत नाही, तो लोकसभेच्या कामकाज नियमांत आहे. १९८ वा नियम, आणि तो दाखल करून घ्यायला ५० सदस्यांचा पाठिंबा. पहिला ठराव आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध आणला. तेव्हापासून ऑगस्ट २०२३ च्या ठरावापर्यंत साठ वर्षांत एकही संमत झाला नाही. विश्वनाथ प्रताप सिंग, देवेगौडा आणि वाजपेयी ही तिन्ही सरकारं पडली ती स्वतः मांडलेला विश्वासदर्शक ठराव हरून. यशाच्या सर्वांत जवळ पोचला तो यशवंतराव चव्हाणांचा ठराव. विरोधी पक्षनेते या नात्यानं त्यांनी जुलै १९७९ मध्ये तो मोरारजी देसाई सरकारविरुद्ध मांडला. जनता पक्षाला अशी गळती लागली की मतदानापर्यंत वेळच आली नाही. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. पुढं चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव उपपंतप्रधान झाले. ते सरकारही लोकसभेला तोंड न दाखवताच गेलं, पण तो विषय वेगळा.

विरोधी पक्षनेतेपदाला ‘कायद्यानं दहा टक्के जागा लागतात’ हे तर मोठमोठे लोक बिनदिक्कत सांगतात. त्या पदासंबंधीच्या १९७७ च्या कायद्यात दहा टक्क्यांचा शब्दही नाही. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे तो, एवढीच त्यातली व्याख्या. दहा टक्के आले ते पक्षांना सभागृहात मान्यता देण्याच्या अध्यक्षांच्या निर्देशांतून, म्हणजे पार दादासाहेब मावळंकरांच्या काळातून. कोकणातून गुजरातेत गेलेल्या मराठी घराण्यातले मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा असलेल्या काँग्रेसला ते पद मिळालं नाही, ते या प्रथेवर बोट ठेवून. प्रथेला कायद्याचं वजन द्यायचं की नाही हे अध्यक्षांच्या हातात होतं, हे विसरलं जातं.

जागांच्या बाबतीत थोडक्यात. नव्या संसद भवनातल्या लोकसभेची आसनक्षमता ८८८ आहे, म्हणून खासदार ८८८ होणार असं अनेकांनी धरून टाकलं. खुर्च्या सुतार वाढवतो. सदस्य वाढवायचे तर घटनेच्या ८१ व्या कलमाची मर्यादा आड येते. ती आज ५५० ची आहे: राज्यांतून जास्तीत जास्त ५३०, केंद्रशासित प्रदेशांतून २०. अँग्लो-इंडियन समाजाचे दोन नियुक्त सदस्य जानेवारी २०२० पासून बंद झाले. २००८ ची पुनर्रचना लोकसंख्येनुसार झाली हेही अर्धंच खरं. राज्याराज्यांतलं जागांचं वाटप १९७६ च्या घटनादुरुस्तीनं १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं गेलं होतं आणि २००८ मध्ये ते तसंच राहिलं. २००१ च्या जनगणनेनं फक्त राज्यांच्या आतल्या सीमा हलल्या. नाथ पै आणि मधू दंडवते यांचा राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला, महाराष्ट्राच्या जागा ४८ च्या ४८ राहिल्या, गोव्याच्या दोनच्या दोन.

आणि ‘बाहेरचा उमेदवार’ बेकायदा नसतो. देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला, २५ वर्षं पूर्ण केलेला नागरिक लोकसभेला जवळपास कुठूनही उभा राहू शकतो. नरसिंह राव रामटेकमधून निवडून आले होते, आणि पुण्याचे मधू लिमये बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून. चिपळूणच्या सुमित्रा महाजन यांना तर इंदूरनं आठ वेळा दिल्लीला धाडलं.

‘खासदार साहेब, गल्लीतलं गटार’

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. खासदार म्हणजे मोठा नगरसेवक.

मावळ मतदारसंघच घ्या. त्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ: घाटावरचे मावळ, चिंचवड, पिंपरी आणि घाटाखालचे पनवेल, कर्जत, उरण. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला बंदर. एक पाय पुणे जिल्ह्यात, दुसरा रायगडात. पिंपरीचं गटार तिथल्या महापालिकेचं, पनवेलचं तिथल्या महापालिकेचं, आणि गावाकडच्या रस्त्यांचं घोंगडं ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम खातं यांच्यात भिजत पडलेलं. यातल्या एकाही कार्यालयाला खासदार हुकूम देऊ शकत नाही. त्याच्याकडे असतो तो वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी. सहा मतदारसंघांत समान वाटला तर प्रत्येकी सुमारे ८३ लाख. हा पैसा त्याच्या खात्यात येतो असं मानणारे लोक आहेत. तो येत नाही. खासदार कामाची शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. ही योजना आली १९९३ मध्ये, तिच्याविना चाळीसेक वर्षं लोकसभा चालली, आणि करोनाच्या काळात एप्रिल २०२० मध्ये ती सरकारनं थांबवली तेव्हा कोणाही खासदाराचं घटनात्मक काम अडलं नाही.

मग हायमास्ट दिवे आणि समाजमंदिरावरचा नामफलक इतका महत्त्वाचा का होतो? कारण ते दिसतं. मतदारानं फलक मोजायचे आणि खासदारानं फलक लावायचे, असा दोन्ही बाजूंना परवडणारा व्यवहार ठरून गेला आहे. त्यात दिल्लीतल्या कामाचा जाब विचारायचा राहून जातो.

आता त्या दिल्लीतल्या कामाकडे. रिकामी बाकं टीव्हीवर दिसली की ‘फुकट पगार खातात’ हे ठरलेलं. (नव्या सभागृहात ५४३ च्या ५४३ आले तरी ३४५ जणांची जागा रिकामीच राहील, ही बाब अलाहिदा.) खात्यांशी निगडित २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री त्यांत नसतात. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, म्हणून तिथं सदस्य सचिवांना आकडे विचारतात, एकमेकांचं ऐकूनही घेतात. पण याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नव्हे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे तपासायला गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आलं. पहिल्या लोकसभेच्या वर्षाला सरासरी १३५ बैठका होत, सतराव्या लोकसभेच्या ५५. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त खंड नको एवढंच घटना सांगते; वर्षात किमान किती दिवस बसायचं ते सांगत नाही. ओरड करायचीच तर ती रिकाम्या बाकांपेक्षा या आकड्यांवर करावी.

‘खासदार सदसद्विवेकानं मत देतो’ हा भाबडा समज आता फारसा उरलेला नाही, पण त्याचं कारण ठाऊक असावं. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि त्यावर निर्णय देतात अध्यक्ष, जे बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. सभागृहातल्या मतदानावर पक्षाची अशी पकड आहे. समितीत मात्र पक्षादेश लागू होत नाही. प्रश्नोत्तरांना नाही, आणि शुक्रवारी दुपारी अशासकीय कामकाजासाठी राखून ठेवलेल्या अडीच तासांतल्या विधेयकांनाही सहसा नाही.

कायदा फक्त मंत्रीच मांडू शकतो हेही चूक आहे. मंत्री नसलेल्या सदस्यांची १४ विधेयकं आजवर संमत झाली. संसदेच्या कामकाजाचं वृत्त छापणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदा फिरोझ गांधींच्या अशाच विधेयकातून आला. १९७० नंतर एकही संमत झालेलं नाही हे खरं. पण न झालेलं विधेयकही वाया जातंच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानं मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला, तेव्हा १९६७ मध्ये बॅरिस्टर नाथ पैंनी तो परत मिळवणारं विधेयक आणलं. विरोधी बाकावरचा, प्रजासमाजवादी पक्षाचा एक सदस्य. त्यावर संयुक्त समिती बसली, देशभर वाद झाला, विधेयक काही पार पडलं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारच्या २४ व्या घटनादुरुस्तीनं जवळपास तेच केलं. संसदेला एवढा अधिकार असावा का, यावर आजही दुमत होऊ शकतं. एका बिगरमंत्री खासदारानं तो प्रश्न सभागृहापुढं आणून ठेवला, यावर होणार नाही.

उरले प्रश्न. रोज वीस तारांकित प्रश्न यादीत येतात, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. त्यांतल्या मोजक्यांनाच तासाभरात तोंडी उत्तर आणि त्यावरचे उपप्रश्न वाट्याला येतात. बाकीच्यांना आणि २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. तुमच्या तालुक्यातल्या रेल्वे फाटकापासून कांद्याच्या निर्यातशुल्कापर्यंत मंत्र्याच्या सहीनिशी दिलेली माहिती त्यात असते. लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव निवडलं की त्यानं कुठल्या तारखेला काय विचारलं आणि काय उत्तर आलं, हे सगळं पुढं येतं. मंत्र्यांच्या नावावर प्रश्न दिसणार नाहीत, कारण ते उत्तर देणारे. बाकी कोणाच्या नावापुढं पाच वर्षांत दोन-चारच प्रश्न दिसले, तर फलकांचा हिशेब त्यानंतर करायला हरकत नाही.