इंजिन स्वस्त, पत्रा महाग

जुनी गाडी उभी करायची म्हटलं की माणूस पहिली धास्ती इंजिनाची घेतो. तेलंगणातल्या इंद्रवेल्लीसारख्या ठिकाणी ती जरा जास्तच, कारण बोरिंगचं काम आदिलाबादला, नाहीतर थेट नांदेड-नागपूरला न्यावं लागतं. पण हिशोब मांडून बसलं तर खिसा कापतात पत्रा आणि कागद. इंजिन बहुतेक वेळा तिसऱ्या नंबरावर असतं.

आधी गाडी कुठली, हे ठरवू. ‘स्पोर्ट्स कार म्हणजे प्रचंड ताकद’ हा समज सिनेमातून आलेला. चाळीसच्या दशकातल्या प्रसिद्ध एमजी टीसीचं इंजिन १,२५० सीसीचं आणि ५४ अश्वशक्तीचं होतं. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली ‘फियाट’, १,०८९ सीसी आणि ४० अश्वशक्तीची. एमजी पळायची ती हलकी होती म्हणून. आणि फियाट काही नुसती टॅक्सीची गाडी नव्हे. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाटच्या शर्यती लोकांनी गर्दी करून पाहिल्या आहेत. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म खरीखुरी टू-सीटर स्पोर्ट्स कार, तिची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे बॉडी गंजण्याचा प्रश्नच नाही. पण अशा गाड्या फार थोड्या बनल्या, त्यामुळे सुट्या भागांसाठी वणवण ठरलेली. कमी पैशात शर्यतीची हौस भागवायची तर माझं मत सरळ फियाटला. तिचा एखादा भाग अडला तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात चौकशी करता येते. एमजीचा भाग इंग्लंडहून मागवावा लागतो, वर कस्टम भरायचं ते वेगळं.

आता कागद. ‘पंधरा वर्षं झाली, गाडी भंगारात’ हे वाक्य आपल्याकडे कायदा असल्यासारखं म्हटलं जातं. वयावरून खासगी गाडी रस्त्यावरून हटवण्याचा नियम आला तो दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरपुरता. तेलंगणात किंवा महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. शुल्क मात्र वाढलं आहे: कारसाठी ते ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ मध्ये ५,००० झालं, आणि वीस वर्षांहून जुन्या कारसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,०००.

दुसरा समज याच्या नेमका उलट: ‘व्हिंटेज नोंदणी केली की सुटलो.’ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. १९७४ सालच्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये ही पन्नाशी गाठली. पण अशी गाडी रोज बाजारात न्यायची परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते. ज्याला लेकरांना घेऊन केस्लापूरला नागोबाच्या जत्रेला जायचंय, त्याने साधं नूतनीकरणच करावं.

व्हिंटेजच्या याच नियमात एक अट आहे, जी स्वस्तातला सल्ला देणाऱ्यांना ठाऊक नसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला असेल तर गाडी व्हिंटेज धरत नाहीत. ‘फियाटचं इंजिन काढून मारुतीचं टाका’ असं सांगणारा मिस्त्री तुमचे आज पैसे वाचवतो, पण ही वाट कायमची बंद करतो. आणि आरटीओची मंजुरी न घेता इंजिन बदललं तर साधं नूतनीकरणही अडतं.

किनवट किंवा पांढरकवड्याकडून ‘एमएच’ची गाडी आणणाऱ्यांनी तिकडच्या आरटीओची एनओसी आधी हातात घ्यावी. गाडी बारा महिन्यांहून जास्त इकडे ठेवायची तर इकडचा नंबर घ्यावा लागतो. जुन्या मालकाचा पत्ता लागत नसेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पत्र्याचं म्हणाल तर चकचकीत रंगाला भुलू नका. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पट्टी किंवा फ्लोअर कुजला असेल तर गाडीचा कणाच गेला. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक त्या पट्टीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. काळ्या मातीत चार पावसाळे उभी राहिलेली गाडी खालूनच खाल्ली जाते. म्हणून गाडी बघायला जाताना शर्टाची पर्वा न करता खाली झोपायचं.

‘इंजिन जाम झालं म्हणजे संपलं’ हेही खरं नाही. बरेचदा रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात. प्लग काढून भोकातून डिझेल सोडायचं, दोन-चार दिवस मुरू द्यायचं आणि क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू हलवायचं. धक्का मारून सुटतंय का बघायला गेलात तर रिंगा तुटतात.

फिरतं इंजिन धूर काढतं म्हणून लगेच ‘फुल इंजिन’ करायचीही घाई नको. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते कार्बोरेटरचं काम. निळा म्हणजे ऑइल जळतंय. मग कॉम्प्रेशन गेज लावा. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा-पिस्टन झिजलेत. तसाच राहिला तर बहुधा वॉल्व बसत नाहीत. हेड उतरवून वॉल्व घासले की भागतं, खालचा भाग उघडायचं कारण नाही. या एका तपासणीत निम्मा खर्च वाचू शकतो.

बोरिंग करावंच लागलं तर ‘ओव्हरसाइज पिस्टनने ताकद वाढते’ हे मनातून काढा. पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर १,०८९ चे जेमतेम १,१०५ सीसी होतात. वाढ दीड टक्का! बोरिंग करायचं ते घासून लंबगोल झालेलं सिलिंडर पुन्हा गोल करायला. म्हणून बोअर गेजने मोजल्याशिवाय पिस्टन विकत घेऊ नका. माप कळलं की आधी पिस्टन हातात घ्यावा, मग त्याच्या मापाने बोअर मारून घ्यावा. क्रँकचंही तसंच: मायक्रोमीटर लावल्यावरच दहा थाऊ (हजारांश इंच) घासायचे की वीस, ते ठरतं.

रबराकडे कुणी बघत नाही. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुने पाइप, फ्युएल पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा आगीला निरोप आहे. इथेनॉल सोसणारे पाइप महाग नाहीत, तेवढे बदलाच. वर्षानुवर्षं साचलेलं टाकीतलं पेट्रोलही आधी काढून टाका.

शेवटचा समज रनिंगचा: नवं बांधलेलं इंजिन दिवसभर स्लोवर चालू ठेवायचं. स्लोवर रिंगांवर दाबच येत नाही. त्या सिलिंडरला नीट बसण्याआधीच आतली भिंत गुळगुळीत होते आणि गाडी जन्मभर ऑइल खाते. त्यापेक्षा इंजिन गरम झालं की इंद्रवेल्ली-उटनूर रस्त्यावर काढा, चढाला थोडा जोर द्या, उताराला पाय उचला, एकाच वेगात फार वेळ ठेवू नका. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ऑइल बदला, आणि थंड इंजिनावर हेडचे नट टॉर्क पान्याने तपासून टॅपेट पुन्हा लावून घ्या.