यशाची पुस्तके आणि साहेबाचे कट्टे

सहामाहीचे पेपर वाटून झाल्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, पुस्तकात लिहिलंय, मनापासून इच्छा धरली की मिळतंच. मग माझी इच्छाच कच्ची होती का?" पुस्तक मामूंनी ईदीत दिलेले. अशी पुस्तके आम्हीही वाचली आहेत, काही आवडलीही. पण पोरीला गणितात कमी गुण पडले ते सराव कमी म्हणून. तिने मात्र दोष आपल्या मनाला लावला.

पुढच्या शनिवारी वर्गाला विजयदुर्ग किल्ल्यात नेले. तिथे 'साहेबाचे कट्टे' आहेत. 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला नॉर्मन लॉकियर इथे आले होते. हेलियम इथेच सापडला असे गावात अभिमानाने सांगतात. खरे तर सूर्यप्रकाशातली ती अनोळखी पिवळी रेषा लॉकियरनी 1868 मध्येच, इंग्लंडात पाहिली होती. हे नवे मूलद्रव्य असावे, हे बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना पटेना. अखेर 1895 मध्ये विल्यम रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवर मिळाला. मधे गेली 27 वर्षे! यशाची पुस्तके नेमकी हीच वर्षे एका ओळीत उरकतात.

सगळीच नव्हेत. कलामसाहेबांचे 'अग्निपंख' जरूर द्यावे. हवाई दलाच्या निवडीत जागा आठ आणि त्यांचा क्रमांक नववा, हे त्यांनी लपवलेले नाही. 1979 च्या ऑगस्टात त्यांचे एसएलव्ही-3 रॉकेट बंगालच्या उपसागरात पडले. जुलै 1980 मध्ये ते यशस्वी झाले.

विज्ञानकथांना मात्र घरोघरी 'टाइमपास' म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. 'असे झाले तर?' हा प्रश्न विचारून त्याचे परिणाम शेवटपर्यंत तपासायची सवय तिथेच लागते. जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. नाव झाकून मिळवलेले ते पहिले बक्षीस आम्हाला फार मोठे वाटते.

कट्ट्यावर बसून मुलांना बंगालच्या बेगम रुकय्यांची 1905 ची 'सुलतानाज ड्रीम' ही कथाही सांगितली. तिच्यात बायका सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक करतात, राज्य चालवतात, आणि पुरुष मर्दान्यात बंद! मुली खो खो हसल्या, मुलगे जरा गप्प झाले. असरची वेळ होत आली, तरी कोणी उठेना.

शाळेच्या कपाटात नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'ची एकच प्रत आहे, तीही पुठ्ठा सुटलेली. सोमवारी ती त्या मुलीने नेली. मामूंचे पुस्तकही तिच्याकडे आहेच. गणिताच्या सरावाला ती आता शाळा सुटल्यावर थांबते.